निरगुडीचा पाला

ज्यांच्या घराला परस होतं आणि परसापलीकडे ओढा होता, त्यांना निरगुडी कुणी मुद्दाम दाखवावी लागली नाही. वाईच्या बाजूला कृष्णाकाठी वाढलेल्या आम्हा मुलांना ती कळायला लागल्यापासून ठाऊक होती. पुरुषभर उंचीचं झुडूप, फांद्या वेड्यावाकड्या, एका देठाला तीन नाहीतर पाच पानं, वरून गर्द हिरवी आणि खालून राखाडी. पावसाळा सरला की टोकाला निळसर जांभळे तुरे. शेरडं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून बांधाच्या कुंपणालाही तीच. पान चोळलं की हाताला जो उग्र वास लागायचा, तो जेवणाच्या पाटावर बसलं तरी जायचा नाही. कुणी निर्गुंडी म्हणत, कुणी निगडी, कुणी निगुड. आमच्या मोठ्या आईच्या तोंडी मात्र निरगुडीच.

त्या घरात माणसं पुष्कळ होती आणि कुणाचं ना कुणाचं काही तरी दुखतच असे. कुणाची कंबर धरलेली, कुणाची मान अवघडलेली, कुणाच्या पाठीत उसण भरलेली, कुणाचे गुडघे पावसाची चाहूल लागताच कुरकुरायला लागलेले. चिंचेवरून पडलेली मुलं वेगळी, विहिरीच्या पायरीवर घसरलेल्या वहिनी वेगळ्या, बैलाने पायावर पाय दिलेला गडी वेगळा. सगळ्यांसाठी सोप्यातून हाक एकच यायची, "जा रे, निरगुडी आणा." जो मोकळा दिसेल तो कोयती घेऊन ओढ्याकडे पळायचा. मुक्कामाला आलेला पाहुणा एस.टी.च्या धक्क्यांनी पाठ धरली म्हणाला, तरी हाक तीच. निरगुडी आणा.

बाकीची औषधं घरात नव्हती असं नाही. माजघरातल्या फडताळाच्या वरच्या खणात डब्यांची रांग होती: सुंठ, वेखंड, तुरटी, मुरडशेंग, हिरडा, जायफळ, रक्त्याबोळ. आमच्याकडे हळदीचं पीक. माघात हळद निघाली, काहिलीत शिजली, अंगणात वाळत पडली की घरभर पिवळी धूळ उडायची. आंबेहळदीचे गड्डे मात्र मोठी आई आधीच बाजूला काढून कापडात बांधून ठेवायची. मुक्या माराला आंबेहळद आणि रक्त्याबोळ सहाणेवर उगाळून लेप. हाडाला मार असेल तर कांडवेल. गळू पिकवायला एरंडाचं गरम पान. बिब्बा अगदी कोपऱ्यात असायचा आणि त्याला हात लावायची आम्हाला बंदी होती, कारण तो अंगावर उतला की फोडच फोड. निरगुडी कधी डब्यात गेली नाही. लागेल तेव्हा ती ताजीच तोडायची.

पाला आला म्हणून लगेच शेक सुरू, असंही नव्हतं. मोठी आई आधी विचारायची, "ठणकतंय, ठसठसतंय, की कळ येतेय?" मग पालथा हात सुजेवर ठेवून ऊब बघायची आणि तोच हात दुसऱ्या पायाच्या त्याच जागी ठेवायची. लाल, कढत, ठणकणाऱ्या ताज्या सुजेला ती शेकत नसे. त्यावर गार पाण्याची घडी, पाय उशीवर उंच आणि सक्तीचा आराम. शेक पुढे, ऊब उतरल्यावर. अवघडलेली मान किंवा धरलेली कंबर असली तर लगेच शेक. आणि ताप भरला, सूज मांडीकडे चढायला लागली, पाय जमिनीला टेकवत नाही असं झालं, की ती निरगुडीला हातही लावायची नाही. "हे आपलं काम नव्हे," म्हणायची आणि बैलगाडी जुंपायला सांगून वाईच्या दवाखान्यात रवानगी करायची. आपलं काम कुठे संपतं हे तिला ठाऊक होतं, याचं मोल आम्हाला फार पुढे कळलं.

शेक द्यायची तिची रीत आजही डोळ्यांपुढे आहे. पानं जून हवीत, कोवळी नकोत. फांदी डाव्या हातात उलटी धरून उजव्या हाताने पाला ओरपून घ्यायचा. तवा वैलावर मंद तापलेला. त्यावर एरंडेलाचा एखादा थेंब, मग मूठभर पाला. उलथन्याने खालीवर करता करता पानं मऊ पडत, रंग काळपट होई आणि वास घरभर सुटे. तेवढ्यात जुन्या लुगड्याच्या धडप्याचे चौकोनी तुकडे तयार असत. पाला त्यात घालून पुरचुंडी बांधायची. पुरचुंड्या नेहमी दोन, एक तव्यावर आणि एक अंगावर. अंगावर ठेवण्याआधी ती स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायची. तिथे सोसली तरच दुखऱ्या पायावर. घाईत कुणी वहिनी हे विसरली तर तिला ओरडा बसे.

आणि तिचा तो दोरा! पाय मुरगळलेल्याच्या घोट्याभोवती ती वाखाचा दोरा फिरवायची आणि जिथे टोक जुळेल तिथे गाठ मारायची. दोरा खुंटीला टांगलेला राही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच दोरा पुन्हा त्याच जागी, घोट्याच्या हाडावरून. गाठ सरकली तर सूज उतरतेय. नाही सरकली तर उपचार बदलायचा. दुखणारा म्हणे, "मोठी आई, पुष्कळ कमी आहे." ती म्हणे, "तू राहू दे, दोरा काय म्हणतो ते बघू." शाळा चुकवायची म्हणून लंगडणाऱ्या आमच्यापैकी कित्येकांचं पितळ त्या दोऱ्यानेच उघडं पाडलं.

दुसरा नेम असा की एका वेळी एकच पाला. शेजारणी सांगत, निरगुडीबरोबर एरंडही घाला, वर सुंठेचा लेपही द्या. मोठी आई ऐकून घ्यायची, पण करायची नाही. दोन औषधं एकदम केली तर गुण कुणाचा म्हणायचा, असा तिचा सवाल असे. आधी निरगुडी, चार दिवस. उतार नाही पडला तर निरगुडी बंद आणि मग दुसरं. तात्यांच्या गुडघ्याला निरगुडी कधीच लागू पडली नाही, आणि तिने ते कधी लपवलं नाही. घरी येणाऱ्या बायकांना ती स्वतः सांगायची की आत्याच्या खांद्याला आराम पडला, तात्यांच्या गुडघ्याला नाही. तात्यांकडे शंकर दाजीशास्त्री पद्यांचं 'आर्यभिषक्' होतं. संध्याकाळी ते त्यातलं निरगुडीचं वर्णन वाचून दाखवत. मोठी आई मान डोलवत ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "असेल. करून बघू."

दिवाळीच्या आधी तेल व्हायचं. पाट्यावर वाटलेल्या पाल्याचा रस, तिळाचं तेल आणि थोडा वाटलेला पालाच, असं सगळं पितळी पातेल्यात मंद विस्तवावर. तेल झालं हे ओळखायच्या खुणा आम्हाला पाठ होत्या. तळाचा गाळ बोटांत घेऊन वळला की त्याची वात वळली पाहिजे. कापसाची वात त्या तेलात भिजवून पेटवली तर तडतडता कामा नये. तडतडली तर पाणी अजून आहे. आणि तेलावर फेस आला की उतरवायचं. तुपाचं उलटं, तिथे फेस जिरला की तूप झालं. वर्षभर हे तेल कोनाड्यातल्या बाटलीत असे आणि बाटलीच्या बुचालाही तोच वास.

निरगुडी आणखी कुठे कुठे असायची! बाळंतिणीच्या न्हाणाच्या पाण्यात, गंगाळ भरून. पडशाने डोकं जड झालं की वाफाऱ्याच्या तपेल्यात, वरून घोंगडं. वाळलेल्या पानांच्या छोट्या उशीत. कणगीत जोंधळ्याच्या थराथरात, किडे लागू नयेत म्हणून. गोठ्यात संध्याकाळच्या धुरीत. फक्त पोटात मात्र ती कधी दिली गेली नाही. आमच्या घरी निरगुडी बाहेरूनच लावायची, असा कायदा होता. तो कुणी केला ते माहीत नाही, पण मोडला कुणी नाही.

मग गावात गोळ्या आल्या, मलमाच्या ट्यूबा आल्या. त्या आल्या हे चांगलंच झालं. रात्रभर कण्हणाऱ्या माणसाला अर्ध्या तासात झोप लागलेली आम्ही पाहिली आहे. ओढ्याकडे पळणारी मुलं पुण्या-मुंबईला गेली. तवा गॅसवर आला, लुगड्याचे धडपे संपले. निरगुडी आणा ही हाक बंद झाली, आणि ती कधी बंद झाली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ती पुन्हा घरात आली आमच्या पुतणीमुळे. पुण्यात औषधनिर्माणशास्त्र शिकणारी ही मुलगी एका सुट्टीत फुलांसकट निरगुडीची फांदी तोडून वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबू लागली, तेव्हा धाकट्या काकूंनी विचारलं, "अगं, शेकायची आहे की वाळवायची?" तिने सांगितलं की वनस्पती तपासायची तर पहिलं काम म्हणजे ती तीच आहे हे सिद्ध करणं. दाबून वाळवलेला नमुना पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाकडे दाखवतात, तिथून नावाची खात्री होते, आणि त्या कागदावर गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहून तो जपून ठेवतात. उद्या कुणी शंका घेतली तर नमुना हजर. काकूंना हे फार पटलं. ओढ्याकाठी निरगुडी म्हणून भलतंच तोडून आणणारी मुलं त्यांनी पाहिली होती.

त्या सुट्टीत रोज रात्री जेवणं झाल्यावर ती सांगायची आणि अख्खं घर ऐकायचं. पानं सावलीत वाळवायची, भरड कुटायची, तोलायची. मग काचेच्या उपकरणात कागदी नळीत ती भरड ठेवायची. खाली चंबूत अल्कोहोल उकळतं, वाफ वर जाऊन गार होते, थेंब थेंब भरडीवर पडते, भांडं भरलं की आपोआप खाली उतरते आणि पुन्हा वर चढते. असं तासन्‌तास. शेवटी अल्कोहोल उडवून टाकलं की उरतो तो काळपट हिरवा चिकट अर्क. कुणी अल्कोहोलऐवजी पाणी घेतं. कशात काढला त्यावर अर्कात काय उतरलं ते ठरतं.

मग वेदना मोजायची कशी? उंदराला सांगता येत नाही ठणकतंय की कळ येतेय. म्हणून ५५ अंशांच्या आसपास तापवलेल्या पत्र्यावर त्याला ठेवतात आणि तो पाय चाटायला किंवा उडी मारायला किती सेकंद घेतो ते बघतात. औषधाने वेदना कमी होत असेल तर तो जास्त वेळ थांबतो. ठरलेल्या सेकंदांनंतर त्याला उचलतातच, पाय भाजू देत नाहीत. धाकट्या काकूंनी पदर तोंडाला लावला. पुतणी म्हणाली, की म्हणूनच असा प्रयोग कुणालाही वाटेल तेव्हा करता येत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी संस्थेत नीतिसमिती असते, किती प्राणी लागतील आणि का, हे आधी लेखी पटवून द्यावं लागतं. काकूंचं समाधान झालं नाही. ते व्हायलाही नको, असं आम्हाला वाटतं.

सुजेची परीक्षा तिने सांगितली तेव्हा मात्र सगळे सावरून बसले. १९६२ मध्ये विंटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही रीत मांडली आणि ती आजही चालते. लाल समुद्री शेवाळापासून कॅरागीनन नावाचा पदार्थ निघतो, आइस्क्रीमला घट्टपणा आणायला वापरतात तोच. त्याचं अगदी थोडं द्रावण पांढऱ्या उंदराच्या मागच्या पंज्यात टोचलं की काही तासांत पंजा सुजतो. पहिल्या तासा-दीड तासाच्या सुजेमागे हिस्टामिन, सेरोटोनिन असतात, नंतरच्या सुजेमागे प्रोस्टाग्लँडिन. एका गटाला आधी नुसतं पाणी पाजलेलं असतं, दुसऱ्याला डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन, तिसऱ्याला पाल्याचा अर्क. घोट्यावर शाईची खूण करायची, पंजा त्या खुणेपर्यंत द्रवात बुडवायचा आणि किती द्रव वर चढला ते वाचायचं. दर तासाला, त्याच खुणेवर. आत्या एकदम म्हणाली, "म्हणजे मोठ्या आईचा दोराच की!" पुतणीने वही खाली ठेवली आणि दोऱ्याची सगळी हकिकत आत्याकडून दोनदा ऐकली.

निरगुडीची अशी तपासणी बऱ्याच जणांनी केली आहे. श्रीलंकेतल्या संशोधकांनी २००३ मध्ये ताज्या पानांचा पाण्यातला अर्क उंदरांना पाजून पाहिला. सुरुवातीची सूज कमी भरली, वेदनेच्या चाचण्यांतही फरक दिसला. त्यांनी पानं घेतली होती ती पूर्ण वाढलेली, जून. हे ऐकून काकूंच्या चेहऱ्यावर जे आलं, ते त्या संशोधकांनी पाहायला हवं होतं. पुढे जम्मूकडच्या संशोधकांनी नेहमीच्या वेदनाशामक औषधांच्या जोडीला निरगुडीचा अर्क देऊन पाहिला. पानांतून नेगुंडोसाइड, अ‍ॅग्नुसाइड, कास्टिसिन अशी द्रव्यं वेगळी काढली गेली आहेत. फिलिपिन्समध्ये तर हीच वनस्पती लागुंडी या नावाने खोकल्याचं औषध म्हणून गोळ्या-पातळ औषधात मिळते आणि तिथल्या सरकारने मान्य केलेल्या दहा औषधी वनस्पतींत ती आहे.

अ‍ॅस्पिरिनची वाटही अशीच पाल्यापाचोळ्यातून गेलेली. एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्लंडमधल्या पाद्र्याने विलोची साल वाळवून कुटून हिवतापाच्या लोकांना दिली आणि १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं. १८९७ मध्ये फेलिक्स हॉफमनने अ‍ॅस्पिरिन शुद्ध स्वरूपात तयार केलं. ती गोळी नेमकं काय करते, प्रोस्टाग्लँडिन कसं अडवते, हे जॉन वेनने दाखवलं १९७१ मध्ये, आणि त्यासाठी १९८२ चं नोबेल त्याच्या वाट्याला आलं. सालीपासून उत्तरापर्यंत दोनशे वर्षं. आणि उत्तर मिळालं तरी तपासणी संपत नाही. ज्या डायक्लोफेनॅकशी अर्काची तुलना करतात, तेच दुखऱ्या गुरांना टोचलं जाऊ लागलं आणि त्यांची मढी खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. आमच्या लहानपणी मेलेल्या बैलावर उतरणारे गिधाडांचे थवे पुढच्या पिढीने पाहिलेच नाहीत. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली.

हळदीच्या पेटंटची बातमी तर घरात सगळ्यांना आठवते. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं, माशेलकरांच्या सीएसआयआरने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं. हळदीच्या गावात तो सणच होता. पण तिथेही उपयोगी पडला तो लिहिलेला, छापलेला पुरावा. आपल्या आज्यांनी जखमा भरल्या होत्या हे सांगून भागलं नाही. आमच्या मोठ्या आईला लिहिता येत नव्हतं.

पुतणीला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच होती. ती म्हणाली, की उंदरांना अर्क पाजला जातो, आणि तुम्ही म्हणता आपल्या घरात निरगुडी पोटात कधी दिलीच नाही. तुमची पानं तव्यावर तापलेली, एरंडेल लागलेली, कापडातून अंगाला लागलेली. मग गुण पाल्याचा होता की उबेचा? एरंडेलाचा की उंच ठेवलेल्या पायाचा? की चार दिवस कुणी तरी आपल्या पायाशी बसलं होतं त्याचा? प्रयोगशाळेत पाला तपासला गेला. मोठ्या आईचा शेक कुणी तपासला? माणसांवर नीट केलेल्या चाचण्या फार थोड्या आहेत. हे ऐकून तात्या रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बरोबर आहे. माझ्या गुडघ्याला विचारा."

आता घरातले सगळे त्याच उद्योगात आहेत. गुडघेदुखीच्या माणसांचे दोन गट करायचे, एकाला निरगुडीचा शेक, दुसऱ्याला दुसऱ्या कसल्या तरी पाल्याचा, ऊब तीच, कापड तेच, वेळ तीच. शेक देणाऱ्यालाही कळता कामा नये कोणता पाला आहे. आणि इथेच अडतं, कारण निरगुडीचा वास लपत नाही. काकू म्हणाल्या, दोन्हींत निलगिरी घाला. पुतणी म्हणाली, निलगिरीनेच आराम पडला तर? वहिनींनी कडुनिंब सुचवला, तोही औषधीच निघाला. पळसाची पानं चालतील का यावर सध्या विचार चालू आहे. त्यांना वास नाही, पण ती तव्यावर मऊ पडतात का ते बघावं लागेल.

दरम्यान पुतणी सगळ्यांकडून मोठ्या आईची रीत लिहून घेते आहे. पानं जून की कोवळी? जून, यावर सगळे एका सुरात. एरंडेल किती? तवा पुसण्यापुरतं. तव्यावर की खापरावर? यावर धाकट्या काकूंचं आणि आत्याचं अजून जमलेलं नाही. काकू तवा म्हणतात, आत्या शपथेवर खापर सांगते. पुतणीने दोन्ही लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला, पुरचुंडी किती वेळ ठेवायची? निवेपर्यंत, मग दुसरी, असं दोघीही म्हणाल्या. किती मिनिटं ते मात्र तवा तापवूनच मोजावं लागणार, म्हणून रविवारी एक पोरगा ओढ्याकडे पाठवायचा ठरला आहे.